उजव्या बाजूची रेघ

सोडावॉटरच्या गाडीच्या दारावर पांढरी रेघ ओढताना लिनो कोलासोचा हात मध्येच उडाला. उडाला म्हणजे फार नव्हे, ज्वारीच्या दाण्याएवढा. पाठीमागून कुणी नावानं हाक मारावी आणि मान वळवण्याआधी ती खांद्यालाच ऐकू यावी, तसं काहीसं झालं. पण हाक कुणीच मारली नव्हती. पंढरी तिकडे हवेच्या टाकीपाशी वाकून पट्टा चढवत होता, कारखान्याचे मालक श्रीपादराव बर्वे काचेच्या खोलीत टेलिफोनवर पत्र्याच्या भावावरून हुज्जत घालत होते, आणि बाहेर आग्रा रोडवरून एक बैलगाडी गवत सांडत चालली होती. लिनोनं डाव्या हातातल्या फडक्यानं तेवढी रेघ पुसली, कुंचली पुन्हा रंगात बुडवली आणि श्वास सोडत सोडत पुन्हा ओढली. या वेळी नीट आली. मग तो हात धुवायला नळावर गेला आणि नळ सोडून नुसताच हाताकडे बघत उभा राहिला. हात नेहमीसारखाच होता. नखांत निळा रंग, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना वण, जाड बोटं. पन्नाशी उलटेपर्यंत हा हात सांगितलं तेवढंच करत आला होता, आणि आज पहिल्यांदा लिनोला न विचारता हलला होता. त्याला राग आला. घरातल्या माणसानं चारचौघांत उलट बोलावं तसा राग, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पाणी वाहत राहिलं. श्रीपादरावांनी खिडकीतून डोकं काढून ‘अहो लिनो, नळ’ म्हटलं, तेव्हा त्यानं तो बंद केला.

त्या दिवसापासून लिनोचं मन थाऱ्यावर नव्हतं. लढाई संपल्यावर कल्याणच्या मिल्ट्री कॅम्पातल्या लॉऱ्या लिलावात निघाल्या होत्या, त्या अजूनही हात बदलत बदलत बर्व्यांच्या कारखान्यात येत. इथे त्यांची खाकी उतरे, नवी लाकडी बॉडी चढे, आणि कुणाची दूधगाडी होई, कुणाची बस. रंग बाकीचे देत. लिनो रंग देत नसे, लिनो रेघ ओढत असे. भायखळ्याला व्हिक्टोरिया घोडागाड्या रंगवणाऱ्या उस्तादाच्या हाताखाली तो तयार झाला होता. खारीच्या केसांची, बोटभर लांब केसांची कुंचली. तिनं बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत एका दमात ओढलेली रेघ. ठाण्यात ‘रेघवाला लिनो’ म्हटलं की चरईतलं शेंबडं पोरही त्याचं घर दाखवत असे. त्याला स्वतःला हे सगळं फार आवडायचं, आणि ते आवडतं हे तो लपवतही नसे. पंढरी म्हात्रे दिवा गावाहून येऊ लागला, हवेच्या गनने रंग उडवू लागला, तेव्हा लिनोनं त्याची वर्षभर टिंगल केली होती. पंढरीची पद्धत कागदाची. जिथे रंग नको तिथे आधी झाकायचं. वर्तमानपत्राला कणकेची खळ लावून पत्र्यावर चिकटवायची, कडेला मुंबईहून आणलेली चिकटपट्टी, तिची कड नखानं दाबत दाबत जायचं, कारण जरा जरी फट राहिली की रंग आत शिरतो आणि कडेला मिशा फुटतात. मग वरून गन मारायची, आणि रंग अर्धाकच्चा असतानाच कागद उलटा दुमडून सावकाश ओढून काढायचा. लवकर काढला तर रंगाचे धागे निघतात, उशीर झाला तर कपचे. लिनो हे सगळं हाताची घडी घालून बघायचा आणि म्हणायचा, ‘इतका कागद लावून तर माझी सासूपण रेघ काढील.’ पंढरी हसायचा. ‘मामा, तुजी सासू कामाला येल काय? माना मानूस पायजेच हाय.’

आता त्याच कागदाकडे लिनोची नजर वारंवार जाऊ लागली. हात रोज उडत नव्हता, हीच मोठी पीडा होती. रोज उडता तर माणूस समजून चुकला असता. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी बरोब्बर वळणावर येऊन तो ज्वारीचा दाणा. तो हाताची परीक्षा घेऊ लागला. हॉटेलात कप उचलताना तो बशीशी वाजतो का ते ऐकायचं, देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चात, मेणबत्ती पेटवताना काडी कुठे जाते ते बघायचं. रोझा, त्याची बायको, भाकरी थापत असायची आणि तो तिच्या हातांकडे बघत बसायचा. ते किती बेफिकीर चालले आहेत याचा त्याला हेवा वाटायचा. ‘क्या बगतस?’ ती विचारायची. ‘काय नाय,’ तो म्हणायचा, आणि खरोखर सांगण्यासारखं काय होतं? हात उडतो म्हणजे काय झालं? शिंप्याचा उडाला तर टाका वाकडा पडतो, न्हाव्याचा उडाला तर थोडं रक्त निघतं, तेवढंच. पण लिनोपाशी दुसरं काही नव्हतंच. रेघ गेली की त्याला पंढरीच्या हाताखाली खळ शिजवत आणि गंज खरवडत बसावं लागलं असतं. श्रीपादराव भले गृहस्थ, त्यांनी काढून टाकलं नसतं. त्यांनी सांभाळून घेतलं असतं, आणि नेमकी त्याच सांभाळून घेण्याची लिनोला रात्रंदिवस धास्ती वाटत होती.

म्हणून एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे वडाखाली डबे सोडून बसलेले असताना, त्यानं बर्फाच्या गाडीला ताडपत्रीचा आडोसा केला आणि पंढरीच्या सामानाच्या डब्यातली चिकटपट्टी काढली. तिच्यात त्यानं पंढरीलाही सुचलं नसतं असं एक काम केलं. कागदाची रेघ मेलेली असते हे त्याला ठाऊक होतं: या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची. कुंचलीची रेघ तशी नसते. कुंचली रंगानं भरलेली असते तेव्हा रेघ अंगानं भरते, पुढे जरा सडसडीत होते, हात पुढे सरकतो तिथे किंचित अडखळून पुन्हा धरते. लिनोनं दाढीच्या पात्यानं पट्टीची कड तशी कापली. जिथे त्याचा हात पूर्वी दाबला असता तिथे केसभर रुंद, जिथे उचलला असता तिथे केसभर अरुंद. आपल्याच हाताची नक्कल तो करत होता, आणि चांगली करत होता. रंग भरून, कागद सोडवून तो मागे सरकला तेव्हा त्याची स्वतःचीही फसगत झाली असती. पंढरी जेवून हात पुसत आला आणि म्हणाला, ‘मामा, हात म्हनजे हात हाय बग तुजा.’ लिनो हसला. संध्याकाळी घरी जाताना मासुंदा तलावाच्या कडेनं चालता चालता त्याला एकदम इतकं अस्वस्थ वाटलं की तो घराच्या वळणावर न वळता तसाच पुढे गेला, तलावाला पूर्ण वळसा घालून परत त्याच वळणावर आला, आणि रोझाला म्हणाला, उशीर झाला, काम फार होतं.

असे पुष्कळ दिवस गेले असते. माणूस कशालाही सरावतो, आणि लिनो तर सरावून वर थोडा फुशारू लागला होता. पण मग कल्याणहून आनंदा भोईर आला. शहाडच्या कारखान्यात कामगार ने-आण करायचं काम त्याला मिळालं होतं आणि त्यासाठी लिलावातल्या लॉरीच्या सांगाड्यावर त्यानं बस बांधायला टाकली होती. गडद हिरवी, खिडक्यांच्या खाली पिवळी रेघ. हा आनंदा म्हणजे कल्याण स्टेशनबाहेर टांगा हाकणाऱ्या भोईराचा मुलगा. त्या टांग्याची चाकं लिनोनं रंगवली होती, भायखळा सोडून ठाण्याला आला त्याच वर्षी. चाकाला रेघ ओढताना हात हलवायचा नसतो. चाक लाकडी घोडीवर चढवायचं, हात गुडघ्यावर टेकवून कुंचली नुसती धरून ठेवायची, आणि दुसऱ्यानं चाक फिरवायचं. भोईर स्वतः चाक फिरवत होता आणि घोड्याच्या अंगाचा, ओल्या चामड्याचा वास येत होता. लिनोला त्या दिवसाचं एवढंच आठवत होतं की आपण काहीच करत नव्हतो, सगळं जग गरगर फिरत येऊन कुंचलीखालून नीट निघून जात होतं. आता आनंदानं आल्या आल्या त्याच्या पायाला हात लावला. ‘काका, बापाच्या टांग्यावं तुजीच रेघ होती. माना बी तीच पायजे. आनि उजव्या बाजूची मी बगाचा हाय. नारल घेऊन येतो सोमवारी.’

यात आनंदाचं काहीच चुकलं नव्हतं. ही पद्धत ठाण्यात लिनोनंच आणली होती. गाडी तयार झाली की ड्रायव्हरच्या बाजूची रेघ तेवढी शिल्लक ठेवायची. मालकानं यायचं, नारळ फोडायचा, आणि चार माणसांसमोर लिनोनं ती ओढायची. रेघ होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. भायखळ्याच्या उस्तादानं असलं काही कधी केलं नव्हतं. हे लिनोच्या डोक्यातून निघालेलं नाटक होतं, आणि मालक लोकांना ते इतकं पसंत पडलं की आता त्याशिवाय गाडीला कुणी हात लावत नसे. अलीकडे तो काही ना काही सबब काढून ते टाळत होता. कधी रंग सुकायला वेळ लागेल म्हणायचा, कधी आपल्याला देवळात काम आहे म्हणायचा. आनंदाला यातली कुठलीच सबब चालणार नव्हती. ‘लिनो, मी शब्द दिलाय भोईरांना,’ श्रीपादराव चष्मा पुसत म्हणाले. ‘त्यांचे कल्याणचे सगळे भाऊबंद येणार आहेत. आणखी दोन बसचं काम निघेल यातून. तुम्ही तेवढं बघा.’ लिनो म्हणाला, ‘बघतो.’

सगळ्यांदेखत हात उडेल. बस वीस-बावीस फूट लांब, तीत हा दाणा कुठे ना कुठे पडणारच. मग कुणी काही बोलणार नाही. आनंदा दुसरीकडे बघेल, पंढरी गनचं नळकांडं साफ करू लागेल. श्रीपादराव म्हणतील, छान, छान. लिनोला हे सगळं इतकं स्पष्ट दिसत होतं की ते होऊन गेल्यासारखीच त्याला लाज वाटत होती. आजारी पडावं? रोझाला ठाऊक होतं त्याला साधी सर्दी होत नाही. सरळ सांगून टाकावं? कुणाला, आणि काय शब्दांत? ‘माझा हात उडतो.’ हे वाक्य त्यानं मनात जुळवून पाहिलं, चालता चालता पुटपुटूनही पाहिलं, आणि ते अगदी दुसऱ्याच्या तोंडचं वाटलं. शुक्रवारी तो असाच उगीच पंढरीजवळ उभा होता. पंढरी बसच्या पुढच्या दिव्यांवरची खडूची लापशी धूत होता. काचेला कागद नीट बसत नाही, म्हणून गन मारण्याआधी तिच्यावर खडू आणि डिंक कालवून फासायचा. काम झालं की ओलं फडकं फिरवलं, निघून गेलं. पंढरीचं फडकं फिरत होतं, आणि त्याच्या मागोमाग काच जशीच्या तशी, लखलखीत, बाहेर येत होती. पंढरी फडकं कसंही फिरवत होता, वाकडं, तिकडं, गोल. काच मात्र जिथे होती तिथेच निघत होती. लिनोनं खाली बसून विचारलं, ‘डिंक किती घातलास?’ पंढरीनं सांगितलं. ‘क्याला रं मामा?’ ‘असंच,’ लिनो म्हणाला.

घरी आल्यावर तो परसात बसला. आधी रेघ कागदानं काढून ठेवायची. मग तिच्यावर गाडीच्याच रंगाची, पाण्यात विरघळणारी लापशी फासायची. सोमवारी डब्यात रंग नाहीच, नुसतं पाणी. कुंचली पाण्यानं चिंब, मागून डाव्या हातातलं फडकं, उजव्या हाताला आधार दिल्यासारखं, जसं नेहमी असतंच. हात कितीही नाचला तरी रेघ जिथे आहे तिथेच निघणार. त्याला भीती वाटली आणि त्याच वेळी पोटातून हसूही आलं. कित्येक आठवड्यांत तो असा हसला नव्हता. पण हिरव्या रंगाच्या भुकटीत डिंक कालवून जस्ताच्या पत्र्यावर लावून बघितलं तर ते सुकल्यावर मेलेलं दिसायला लागलं. त्याला चकाकी नव्हती. गूळ घालून पाहिला, मुंग्या आल्या. शेवटी त्यानं कोंबडीच्या टोपलीतली दोन अंडी घेतली आणि त्यातलं पांढरं कालवलं. सुकल्यावर ते ताज्या रंगासारखं चमकलं, आणि बोट ओलं करून फिरवलं तर निघून आलं. एवढ्या खुशीत तो होता की पिवळं वाटीत तसंच राहिलं, आणि वाटी चुलीशी. रात्री जेवताना रोझानं ती वाटी त्याच्या पानाशी आणून ठेवली. ‘पांडरं कुटं गेलं?’ ‘कामाला लागलं.’ ‘गाडीला अंडी घालतात कवापासून?’ ती त्याच्याकडे बघत राहिली. वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईनं बघावं तसं ते बघणं होतं. त्यात प्रश्न नव्हता, नुसती वाट बघणं होतं. त्या क्षणी तो सांगू शकला असता. त्यानं पिवळ्यात मीठ घातलं, भाकरीशी खाल्लं आणि उठला.

रविवारी रोझा एकटीच मिसाला, देवळातल्या रविवारच्या प्रार्थनेला, गेली. पोट बिघडलंय असं त्यानं सांगितलं, आणि ती दिसेनाशी होताच मागच्या गल्लीनं कारखान्यात आला. रखवालदाराला त्याचं काही वाटलं नाही. रेघवाला लिनो केव्हाही येई. बस मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. डाव्या बाजूची रेघ त्यानं आदल्या दिवशीच आडोशानं उरकली होती. उजव्या बाजूची ताडपत्री वर टाकून त्यानं चिकटपट्टीच्या दोन ओळी लावल्या, मध्ये रेघेएवढी जागा ठेवून, आणि पात्यानं कड कापायला बसला. सुट्टीमुळे सगळीकडे शांत होतं. पत्रा उन्हानं हळूहळू तापत होता, त्याला नव्या रंगाचा गोडसर वास येत होता. कापताना हात मुळीच उडाला नाही. पातं घेतलेला हात कधीच उडत नव्हता, कपही हल्ली वाजत नव्हता, मेणबत्तीही पहिल्या काडीत पेटत होती. उडायचा तो फक्त कुंचली धरल्यावर. हे त्याच्या आधीही लक्षात आलं होतं, पण त्याकडे नीट बघायची त्याला हिंमत होत नव्हती. मग हा कसला रोग? हाताचा नव्हेच? पंढरीचा झटपट सुकणारा रंग त्यानं बोळ्यानं ठेचून भरला. देवळाची घंटा झाली. फादर आता पवित्र भाकर वर उचलत असतील, सगळी गुडघ्यावर असतील, रोझाशेजारची जागा रिकामी असेल. लिनोचाही एक गुडघा सवयीनं टेकला गेला, हातात बोळा तसाच. त्याला स्वतःची घृणा वाटली. देवाला फसवतोय असं त्याला वाटलं नाही, देवाला दिसतच होतं. पण ज्या हातावर आयुष्यभर एवढा तोरा मिरवला, त्याच्यावर आपण असा कागद चिकटवून बसलो आहोत, हे त्याला लागलं. तरी त्यानं उठून काम पुरं केलं. कागद अर्ध्याकच्च्यावर सोडवला, रेघ सुकू दिली, आणि मग अंडं-डिंकाचा हिरवा हात खिडक्यांखालच्या सगळ्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिला, म्हणजे ठिगळ दिसणार नाही. सुकल्यावर तिथे काहीच नव्हतं. कोरी हिरवी बस उभी होती.

सोमवारी सकाळी आनंदा भोईर भाऊबंदांना घेऊन आला. पांढरे सदरे, टोप्या, बायकांच्या डोक्यांत अबोली. पेढ्यांचा पुडा आनंदाच्या काखेत होता. लिनोनं ताडपत्री स्वतः काढली, कुणाला हात लावू दिला नाही. डबा त्यानं निमुळत्या तोंडाचा निवडला होता, बाहेरून पिवळा माखलेला, आत पाणी. कुंचलीचे केस वर्षानुवर्षांच्या रंगानं पिवळे होतेच. टर्पेंटाइनचा वास यावा म्हणून थोडं स्वतःच्या सदऱ्यावर शिंपडलं होतं. पंढरी नाक वर करून म्हणाला, ‘मामा, आंगोळ केलीस काय टरपेंटनं?’ लोक हसले. नारळ फुटला, पाणी पुढच्या चाकावर पडलं. मग पद्धतीप्रमाणे सगळे गप्प झाले.

लिनोनं कुंचली टेकवली आणि श्वास सोडायला सुरुवात केली. कुंचली चालू लागली, मागून फडकं, आणि फडक्यामागून पिवळी रेघ निघू लागली. लोकांतून एक दबका हुंकार आला. पहिली खिडकी गेली, दुसरी गेली. लिनो दाण्याची वाट बघत होता. तो येईल आणि काही बिघडणार नाही, ही मजा त्याला मनातल्या मनात चाखायची होती. दाणा आला नाही. तिसऱ्या खिडकीखाली त्याच्या ध्यानात आलं की हात अगदी शांत आहे. नुसता शांत नव्हे, तो पूर्वीसारखा आपणहून चालला आहे, आणि कुंचलीचं टोक त्या खालच्या रेघेवरून केसाचाही फरक न पडता जात आहे. हा हात आत्ता रंग घेऊनही अशीच रेघ ओढू शकला असता. लिनोला हे इतकं साफ कळलं की त्याचे कान गरम झाले. कुणाला काही दाखवायची, कुणापासून काही लपवायची, कशाचीच भीती नव्हती म्हणूनच तो शांत होता. डब्यात पाणी होतं म्हणूनच. थांबावं, डबा फेकून द्यावा, रंग आणावा असं त्याला वाटून गेलं. पण खालची रेघ तयार होती, अर्धी निघाली होती, आणि त्याचे पाय चालत होते. चौथी खिडकी. पाचवी. आपल्याच हातानं आपण काय करून ठेवलं हे बघत तो रेघेबरोबर पुढे सरकत होता.

मागच्या चाकाशी कागदाची रेघ सरळ संपत होती. तिथे थांबायचं हे लिनोला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. भायखळ्याला प्रत्येक व्हिक्टोरियाच्या पाठीशी उस्ताद रेघेला एक वळण द्यायला लावायचे. चाकावरून वर चढून, स्वतःभोवती एकदा फिरून, शेवटी केसाएवढं बारीक होत हवेत सुटणारं. लॉऱ्यांना असलं काही कुणी मागत नसे, आणि गेल्या कैक वर्षांत ते त्याला आठवलंही नव्हतं. हात चाकापाशी आला, थांबला नाही, वर चढला, फिरला, बारीक होत गेला आणि सुटला. फडकं मागोमाग गेलं नाही. हिरव्या पत्र्यावर पाण्याचं ते वळण उन्हात चमकत होतं, आणि ते अगदी निर्दोष होतं. भरल्या अंगानं सुरू झालेलं, सडसडीत होत गेलेलं, कुठेही न अडखळलेलं. उस्तादासमोरही लिनोला ते असं कधी साधलं नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं लिनोच्या तोंडात आख्खा पेढा कोंबला आणि त्याला पोटाशी धरलं. ‘काका, आजून हात तोच हाय.’ श्रीपादराव चष्मा काढून ‘वा’ म्हणाले आणि आणखी दोन बसची गोष्ट तिथेच सुरू केली. बायका पिवळी रेघ जवळून बघत होत्या. पंढरी मात्र मागच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला होता. त्यानं त्या ओल्या वळणाकडे बघितलं, मग लिनोच्या हातातल्या डब्याकडे, मग पुन्हा वळणाकडे.

‘मामा, हितं पानी लागलंय,’ तो हळूच म्हणाला. ‘पुसू?’

‘नको,’ लिनो म्हणाला. ‘राहू दे. सुकेल.’

पंढरी वळला आणि लोकांना पेढे घ्यायला पुढच्या बाजूला बोलावू लागला. लिनो चाकाशी उभा राहिला. ऊन चढलं होतं, पत्रा तापला होता. वळणाचं बारीक टोक आधी गेलं, मग मधला फेरा, मग चाकावरून वर चढणारी जाड बाजू कडांकडून आत आत सुकत आली. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. तोंडात पेढा होता, म्हणून तो चावत राहिला.